एका कानाची टोपी

१

टोपी जागेवर नाही हे कोर्टाचा मुद्देमाल सांभाळणाऱ्या इलारियो पोमाच्या ध्यानात आलं तेव्हा त्याच्या हातात आगपेटीएवढी आरामखुर्ची होती. खुर्चीवर ताज्या पाकळ्या होत्या, तिला धुराचा वास येत होता, आणि ती त्याच्या हातून पडली. पुढे आठवडाभर तो भेटेल त्याला सांगत होता, की पडली पण मोडली नाही. म्हणजे यंदा निवृत्ती होणार, फक्त जरा खरचटून होणार.

तारीख चोवीस जानेवारी. ला पाझमध्ये या दिवशी दुपारी बाराचे टोले पडायला लागले, की कोणी कोणाचा साहेब नसतो आणि कोणी कोणाचा नोकर नसतो. सगळं गाव आलासितासच्या जत्रेत. वर्षभरात जे हवं असेल त्याची चिमुकली वस्तू टोले पडत असताना विकत घ्यायची, भगताकडून धूर, दारू आणि पाकळ्यांनी मंत्रवून घ्यायची आणि मग कामावर परत येऊन वाट बघायची. घर हवं असेल तर घर, नवरा हवा असेल तर नवरा. यंदा दोन वस्तूंचा तुटवडा होता. एक, राष्ट्राध्यक्षाचा बोटभर लांबीचा लाल-पिवळा-हिरवा पट्टा. दुसरी, सळ्यांमागे मिशीवाला बाहुला बसवलेला तुरुंग. दोन्ही एकाच बाईच्या दुकानात मिळत होत्या, आणि तिला राजकारणात अजिबात रस नव्हता.

मिशीवाला बाहुला म्हणजे जनरल लेओनिदास वाकाफ्लोर. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी रणगाडे आणून देश ताब्यात घेतला, पुढे तो हातातून निसटला, आणि आता म्हातारपणी तो त्यांना मतपेटीतून परत हवा होता. आड येत होता फक्त खटला. आरोप बरेच होते, पण साक्षीदार म्हातारे होऊन मेले, कागद सरकारी गोदामात कुजले, आणि एकेक आरोप गळत गेला. उरला एकच. खाणकामगार तिबुर्सियो वाराची याच्या खुनाचा.

जनरलांचं म्हणणं असं, की हा माणूस आमच्या हाती कधी लागलाच नाही, सीमा ओलांडून पळाला. पण मागच्या वर्षी जनरलांच्या जुन्या छावणीच्या अंगणात हाडं सापडली. अंगात स्वेटर होता आणि त्याची एक बाही अर्धी उसवलेली होती. खिशात तान्ह्या बाळाची राखाडी कानटोपी होती, त्याच बाहीच्या लोकरीची, सायकलच्या तारांवर विणलेली. तिबुर्सियोच्या गावात टोप्या पुरुषच विणतात. एक कान पूर्ण झाला होता, दुसरा राहिला होता. अशी टोपी एका रात्रीत होत नाही. कोठडीत बसून, पहारेकऱ्यांची नजर चुकवून, ती कित्येक आठवडे विणलेली होती.

हा सगळा खटला त्या टोपीवर उभा होता. तीन वाजता ती न्यायाधीशांपुढे यायची होती. न आली तर आरोप रद्द. आणि निवडणुकीचे अर्ज घ्यायची खिडकी त्याच संध्याकाळी बंद होत होती.

इन्स्पेक्टर रेमेदियोस काताकोरा हिला फोन आला तेव्हा ती जत्रेत एका चिमुकल्या घराचा भाव करत होती. पोलिसाच्या पगारात घर बसतं ते त्याच मापाचं.

“बाई, टोपी गेली,” पलीकडून इलारियो म्हणाला.

“कोणाची?”

“सगळ्यांचीच म्हणा आता.”

२

मुद्देमालाची खोली कोर्टाच्या तळमजल्यावर, दगडी फरशीच्या लांब बोळाच्या टोकाला होती. खोलीच्या लाकडी जमिनीला सकाळीच लाल मेण घासलेलं होतं. रेमेदियोसचे दोन्ही गुडघे गेले होते, त्यामुळे घसरड्या जागी ती देवाचं नाव घेऊन पाऊल टाकायची.

“पावणेबाराला मी तिजोरीतून काढली,” इलारियो सांगू लागला. “पिशवीतून काढून ट्रेमध्ये नीट मांडली, तीनला वर न्यायला. मग टोले सुरू झाले...”

“आणि तुम्ही पळालात.”

“बाई, तुम्ही कुठे होतात?”

रेमेदियोसने आपलं घर पर्समध्ये आणखी खोल ढकललं. “दार?”

“ओढून घेतलं होतं. कुलूप...” तो आपल्या बुटांकडे बघू लागला. “कुलूप लावायला थांबलो असतो तर टोले संपले असते.”

खोलीत एक टेबल, एक तिजोरी, आणि भिंतीला टेकून माणसाच्या डोक्यावर जाणारं लोखंडी कपाट. कपाटावर कोर्टाचा एकेको. मिशीवाला, कानटोपी घातलेला, हात पसरून हसणारा हातभर उंचीचा मातीचा देव, ज्याच्या अंगावर सगळ्या कर्मचाऱ्यांनी आपापल्या मागण्या लटकवलेल्या. पिठाची पोती, विटा, बस, गाय, पदवीचं भेंडोळं. तोंडाच्या भोकात सोनेरी कड्याचं थोटूक धुमसत होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेकोला सिगरेट पाजायची, नाहीतर तो रुसतो. आज शुक्रवार होता. कोर्टाचा एकेको आमच्या चौकीतल्यापेक्षा खात्यापित्या घरचा दिसतोय, एवढंच रेमेदियोसच्या मनात आलं.

“स्टूल कुठंय तुमचं? मला बसायचंय.”

“दारावरच्या शिपायाने नेलंय. सकाळी एकेकोला सिगरेट पाजली आणि लगेच देऊन टाकलं. जनरल येणार म्हणून आज प्रत्येकाची झडती आहे. आत येताना पण आणि बाहेर जाताना पण. उभं राहून त्याचे पाय सुजले.”

ती शिपायाकडे गेली. तो खरोखरच स्टुलावर बसला होता. त्याने शपथेवर सांगितलं, की बारा वाजता बाहेर पडणाऱ्यांच्या टोप्यासुद्धा उलट्या करून पाहिल्या, आणि त्यांपैकी एकही बाळाच्या मापाची नव्हती.

“म्हणजे ती बाहेर गेलीच नाही,” रेमेदियोस म्हणाली.

“मग आम्ही सगळ्या खोल्या, संडास, कचऱ्याचे डबे पाहिले त्यात का नाही सापडली?”

शिपायाला स्टुलावर तसंच सोडून ती बोळाकडे परत वळली.

३

बोळातल्या बाकावर साबिना वाराची बसली होती. ती टोपी जिच्यासाठी विणली जात होती ते बाळ. आता तिच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या.

“मी एकदाच पाहिलीय ती,” ती म्हणाली. “काचेतून. हात लावू दिला नाही. म्हणाले, पुरावा आहे. मी म्हटलं, असू दे, पुरावा असू दे. इतकी वर्षं कोणी त्याला माणूस म्हणून मोजलं नाही, निदान पुरावा म्हणून तरी मोजताहेत.”

“बाराला कुठे होतात?”

“जत्रेत. सगळ्यात शेवटी निघाले. ते सगळे आधी गेले.” तिने बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे मान हलवली. “जनरलना तिथेच सोडून. चाकाच्या खुर्चीत. इतका मोठा, उंचापुरा माणूस, आणि गुडघ्यावर घोंगडी घेऊन एकटाच. मला वाईटही वाटलं जरा. मग माझाच मला राग आला.”

तेवढ्यात डॉक्टर बाल्तासार उरिओस्ते ताडताड चालत आले. ते औषधाचे डॉक्टर नव्हते, वकील होते; ला पाझमध्ये काळा सूट घालून कोणी रागावलं, की लोक त्याला आपोआप डॉक्टर म्हणतात. बुटके, गुळगुळीत, जनरलांचे उजवे हात.

“इन्स्पेक्टर, चोर तुमच्या शेजारी बसलाय आणि तुम्ही गप्पा मारताय?”

“कोण, मी?” साबिना उभी राहिली.

“तुम्हीच. टोपी खोटी. तज्ज्ञांनी हातात घेतली असती तर बिंग फुटलं असतं. म्हणून स्वतःच गायब केली आणि आता रडायचं, जनरलनी चोरली म्हणून! काढा, पिशवी काढा.”

“पिशवी पाहिलीय शिपायाने. दोनदा.”

“मी नाही पाहिली.”

साबिनाने त्यांच्याकडे बघत पिशवी बाकावर उलटी केली. रुमाल, भाजलेले मक्याचे दाणे, बसचं तिकीट. आणि पाकळ्यांत गुंडाळलेलं काहीतरी चिमुकलं. विणकामाच्या दोन सुया, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि त्यांत खोवलेला राखाडी लोकरीचा गुंडा.

“राखाडी!” उरिओस्ते ओरडले. “हे बघा! त्याच रंगाची लोकर! हिला अटक करा!”

४

रेमेदियोसने तो गुंडा नाकाशी नेला. कोपल धुपाचा धूर, कडक दारू. मग तिने वकिलांकडे पाहिलं आणि पुढे होऊन त्यांच्या कॉलरमधून दोन बोटांनी एक पिवळी पाकळी काढली.

“डॉक्टर, बाराला तुम्ही कुठे होतात म्हणालात?”

“इथेच. फोनवर. असल्या अडाणी जत्रांत मी जात नाही.”

“मग ही काय फोनमधून आली?”

उरिओस्तेंनी घसा खाकरला. बोळात कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग खिशातून एक वस्तू काढून तळहातावर ठेवली. मंत्र्याची काळी मोटार. पुढे झेंडा लावायला काडीसुद्धा होती.

“कोणता विभाग?” रेमेदियोसने विचारलं.

“गृह,” ते पुटपुटले. “कृपा करून जनरलना सांगू नका. त्यांनी ते खातं कॅप्टनला कबूल केलंय.”

कॅप्टन लोआयसा हे जनरलांचे अंगरक्षक, औषधं देणारे आणि खुर्ची ढकलणारे. ते काही लपवत नव्हते. त्यांच्या हातात राष्ट्राध्यक्षाचा पट्टा होता, दारूने अजून ओलसर.

“टोल्यालाच घेतला,” ते छाती काढून म्हणाले. “गर्दीत दोघींचे पाय तुडवले, पण घेतला. साहेबांनीच पाठवलं. म्हणाले, मला इथेच सोड, देशाचं काम आधी.”

“एकटे सोडलेत?”

“ते कुठे जाणार आहेत? तीन वर्षं पाऊल टाकलेलं नाही. डॉक्टरांचा दाखला आहे, खटल्यातून सूट मागायला जोडलाय.” त्यांनी आवाज खाली आणला. “सभांमध्ये उभे राहतात ते वेगळं. तिथे जनता त्यांना उभं करते.”

“साहेब सिगरेट ओढतात?”

“बंद! कडक बंद. पाकीट मी खुर्चीच्या मागच्या पिशवीत ठेवतो. पाठीकडे हात पोचत नाही ना त्यांचा.” ते स्वतःच्याच हुशारीवर हसले. “दिवसाला एक देतो मी. रात्री, जेवल्यावर.”

रेमेदियोस भिंतीला टेकली. साबिनाच्या सुयांना धूर, वकिलांच्या गळ्यात पाकळी, कॅप्टनच्या पट्ट्याला दारू, इलारियोच्या खुर्चीला तिन्ही. चौघेही बाराच्या ठोक्याला जत्रेत होते, आणि साक्षीला खुद्द भगत. म्हणजे चोरी कोणीच केली नव्हती.

घड्याळात अडीच वाजले होते.

५

जनरलांनी तिचं हसून स्वागत केलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही मिशी पोस्टरवर होती तश्शी.

“ये मुली, बस. गुडघे दुखतात ना? चालण्यावरून कळलं. माझं बघ, दुखणंच संपलं. पायच संपले.”

बसायला फक्त लाकडी पायरी होती. रेमेदियोस त्यावर टेकली तेव्हा तिचं डोकं जनरलांच्या गुडघ्यांपाशी आलं.

“बारा वाजता तुम्ही इथेच होतात, साहेब. कोणाला जाताना पाहिलंत?”

“मला पेंग आली होती. म्हातारा माणूस.”

“टोल्यांनी जाग नाही आली?”

“टोल्यांशी माझं काय काम? तो देव, ती बाहुली, सगळी बाजारातल्या लोकांची खुळं. आमचं घराणं स्पेनमधून आलेलं. आमच्या घरात नव्हतं हे.”

त्यांची आजी बाजारात कांदे विकायची, हे ला पाझमधल्या प्रत्येक कांदेवालीला माहीत होतं. पण रेमेदियोसचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या नाकासमोर, खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवर, जनरलांचे बूट होते. तळवे तिच्याकडे वळलेले. तीन वर्षं पाऊल न टाकलेल्या माणसाच्या बुटांना शोभतील असे कोरे करकरीत.

फक्त ते लाल होते. मेणासारखे लाल.

ती उठली. कधी नव्हे ते गुडघे विसरून बोळातून मुद्देमालाच्या खोलीत शिरली.

“इलारियोकाका, एकेकोला सकाळी कोणती सिगरेट दिलीत?”

“आपली नेहमीची. बिनफिल्टरची. मी पण तीच ओढतो, देवाला काय वेगळी?”

“सोनेरी कड्याची नाही?”

“बाई, सोनेरी कडं माझ्या लग्नात नव्हतं.”

सकाळची बिनफिल्टरची केव्हाच जळून गेली होती. दुपारी कोणीतरी दुसरी पाजली होती. स्टूल दारावर होतं, म्हणजे ज्याने पाजली तो हात वर केला की कपाटाच्या टोकाला लागणारा उंच माणूस होता. रेमेदियोस मागे सरकली, आणि गेले दोन तास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जे होतं ते तिने पहिल्यांदा नीट पाहिलं.

मातीच्या एकेकोला टोपी मातीचीच असते. रंगवलेली.

या एकेकोच्या डोक्यावर लोकरीची होती. राखाडी. आणि तिला एकच कान होता.

इलारियोने हात वर केला तसा तिने तो धरला. “नका काढू.”

“अहो, तीन वाजतील! सापडली ना!”

“सापडली. पण काढून नेली, तर उरिओस्ते म्हणतील साबिनाने ठेवली. बुटांचं विचारलं तर म्हणतील, कॅप्टनने खुर्ची लाल जमिनीवरून नेली.” तिने वर एकेकोकडे पाहिलं. “काका, हा एकेको पडला तर काय होतं?”

इलारियोचा चेहरा उतरला. “असं अभद्र बोलू नये. ज्याने शेवटची सिगरेट पाजली त्याचं वर्ष गेलं.”

“तेच म्हणते मी. न्यायाधीश बाईंच्या कानात दोन शब्द घालून येते. तोवर तुम्ही स्टूल आणून त्याला खाली घ्या.”

६

कोर्ट भरलेलं होतं. न्यायमूर्ती ओब्लितास चष्म्यावरून बघत होत्या. समोर चाकाच्या खुर्चीत जनरल, घोंगडी छातीपर्यंत. मागच्या बाकावर साबिना, मांडीवर पिशवी.

“मुद्देमाल हजर नाही,” उरिओस्ते उभे राहून म्हणाले. “आरोप रद्द व्हावा. शिवाय माझ्या अशिलाची प्रकृती पाहता, ज्यांना स्वतःच्या पायावर उभंही राहता येत नाही अशा एका वृद्ध देशभक्ताला...”

“डॉक्टर, थोडं थांबा,” न्यायमूर्ती म्हणाल्या. “इन्स्पेक्टरना काहीतरी आणायचं आहे.”

दार उघडलं. रेमेदियोस दोन्ही हातांत एकेकोला धरून आत आली. पोती, विटा, बस, गाय हिंदकळत होती. लोक आधी हसले. मग हसू थांबलं, कारण साबिना ताडकन उभी राहिली होती आणि तिने तोंडावर हात ठेवला होता.

रेमेदियोस सावकाश चालत जनरलांच्या खुर्चीपुढच्या टेबलापाशी आली. एकेकोला तिने अगदी कडेला ठेवलं. अर्धा टेबलावर, अर्धा हवेत. मग ती वळली, आणि तिचे ते जगजाहीर गुडघे नेमके तेव्हाच दगा देते झाले. कोपर टेबलाला लागलं. एकेको डुगडुगला. पुढे झुकला.

घोंगडी उडाली.

चौऱ्याऐंशी वर्षांचे जनरल लेओनिदास वाकाफ्लोर खुर्चीतून असे उसळले, की चाकं मागे जाऊन कॅप्टनच्या नडगीवर आदळली. दोन ढांगांत ते टेबलापाशी होते. एकेको त्यांनी हवेतच झेलला, दोन्ही हातांनी, तान्हं बाळ झेलावं तसा, आणि छातीशी धरला.



“साहेब,” उरिओस्ते अगदी हळू म्हणाले, “बसा.”

जनरल बसले नाहीत. ते धापा टाकत हातातल्या मूर्तीला कुठे टवका तर उडाला नाही ना, ते बघत होते. “पडला असता,” ते म्हणाले. त्या खटल्यात त्यांनी दिलेली ती पहिली खरी साक्ष होती.

“पडला असता,” रेमेदियोसने मान डोलावली, “आणि तुमचं वर्ष गेलं असतं. कारण त्याने शेवटची सिगरेट, ती सोनेरी कड्याची, तुमच्या पाकिटातली ओढलीय, साहेब. टोल्यांना सगळे तुम्हाला सोडून पळाले. दार लोटलेलं होतं. टोपी तुम्ही उचललीत, पण बाहेर नेता येईना, झडती होती. मग ज्याच्याकडे सगळे बघतात आणि कोणीच पाहत नाही अशा डोक्यावर ठेवलीत. इथवर ठीक होतं. तुम्ही न्यायाला फसवायला कधी कचरला नाहीत. पण एकेकोच्या डोक्यावर काम टाकायचं, वर खुर्चीही मागायची, आणि ते फुकट? आजीने शिकवलेलं नव्हतं तुम्हाला तसं.”

जनरलांची मिशी पहिल्यांदाच खाली आली.

“टोपी मुद्देमाल म्हणून दाखल,” न्यायमूर्ती ओब्लितास लेखनिकाला म्हणाल्या. “आरोप रद्द करायचा अर्ज फेटाळला. प्रकृतीचाही फेटाळला. आरोपी उभे राहू शकतात. झेलूही शकतात. निकालापर्यंत कोठडी.” मग त्यांनी चष्मा काढला. “आणि कोणीतरी त्यांच्या हातातून देवाला घ्या.”

अर्जाची खिडकी संध्याकाळी बंद झाली तेव्हा रांगेत जनरलांच्या पक्षाचे दोन कार्यकर्ते कोरे अर्ज घेऊन उभे होते. कॅप्टन लोआयसांनी तो ओलसर पट्टा कुठे टाकला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी इलारियोला तो एकेकोच्या पायाशी दिसला, आणि देवाला चालत असेल म्हणून त्याने तिथेच राहू दिला.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर रेमेदियोस बसली होती, कारण उठवत नव्हतं. साबिना येऊन शेजारी टेकली. मक्याचे दाणे पुढे केले.

“गुडघे खरंच घसरले का हो?”

“माझे गुडघे कधी खोटं बोलत नाहीत,” रेमेदियोस म्हणाली. “आज एकदाच बोलले.”

दोघी खात राहिल्या. समोरच्या डोंगरावर, वरच्या वस्तीत, एकेक दिवा लागत होता.

“निकाल लागला, अपिलं संपली, की टोपी मला देणार म्हणाल्या न्यायाधीश बाई,” साबिना म्हणाली. “वर्ष जाईल. जाऊ दे. लेकीला तोवर बाळ होईल.” तिने पिशवीतून ती पाकळ्यांतली पुडी काढली, उलगडली, आणि चिमुकल्या सुया बोटांत धरून पाहिल्या. “आई सांगायची, हातात घेतलेलं विणकाम माझ्या बापाने कधी अर्धं टाकलं नाही.”

“मग आता?”

“आता काय,” साबिना म्हणाली. “एकच तर कान राहिलाय.”